टोपी तांबडी की निळी

मी सीडी. हो, तीच, गोल, मधे भोक असलेली. हल्ली मला पाहिलं की लोक आधी "अरे, ह्या अजून असतात?" असं विचारतात, म्हणून ओळख करून द्यावी लागते. माझ्या पोटात गाणी नाहीत, कोणाच्या लग्नाचा व्हिडिओ नाही. माझ्या पोटात एक मुलगा आहे. तो चाकांच्या फळीवर उभा राहून कुठल्यातरी परदेशी शहरातून घसरत जातो, पायऱ्यांवरून उडी मारतो, कठड्यावरून सरकतो आणि बहुतेक वेळा आपटतो. आपटला की उठतो. एवढाच खेळ.

खेळाचं खरं नाव मलाही ठाऊक नाही, कारण माझा जन्मच चोरीचा. वास्कोला बंदराजवळच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत एका सीडीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा आम्ही बहिणी जन्मलो. ज्याने काळ्या मार्करने माझ्यावर नाव लिहिलं त्याला जेवायला जायची घाई होती. इंग्रजीत 'स्केटबोर्ड' लिहिताना त्याने एक अक्षर गाळलं. तेव्हापासून मी 'स्केटबोड'.

मला विकत घेतलं भिकाजीने. तो डिचोलीचा, खाणीवर ट्रक चालवायचा. ट्रकचा कसलासा सुटा भाग आणायला वास्कोला आला होता. तो भाग मिळाला नाही, म्हणून एका बोटीवरून उतरलेलं खेळाचं जुनं मशीन आणि त्याच्यासोबत मला घेऊन तो घरी गेला.

घरात दोन भाऊ. थोरला गुरुदास, वाळपईच्या सरकारी कचेरीत नोकरीला. रोज बसने जायचा, रोज बसने यायचा, आणि दोन्ही वेळा शर्टाची इस्त्री तशीच असायची. धाकटा भिकाजी, त्याच्या शर्टावर कायम खाणीची तांबडी धूळ. गुरुदासची बायको वत्सला, भिकाजीची गंगा. गुरुदासचा मुलगा प्रज्योत आणि भिकाजीचा देवेश, दोघे एकाच वर्गात, एकाच बाकावर.

मशीन माझ्यापेक्षा म्हातारं होतं आणि त्याचा डोळा अधू होता. सरळ ठेवलं तर त्याला मी दिसायचेच नाही. पुष्कळ खटाटोपानंतर देवेशला शोध लागला की मशीन उलटं ठेवलं आणि वर नारळ खवायची विळी ठेवली, की त्याला मी नीट वाचता येते. त्यामुळे संध्याकाळी खेळ ऐन रंगात आला की स्वयंपाकघरातून वत्सलाचा आवाज यायचा, "माजी विळी खंय गेली? आज जेवाण शिजवचा नाय काय?" विळी उचलली की फळीवरचा मुलगा हवेतच थांबायचा. नारळ खवून होईपर्यंत तो तसाच अधांतरी. मला त्याची फार दया यायची.

गुरुदासला हा खेळ अजिबात आवडत नसे. आल्यागेल्याला तो सांगायचा, "आमच्या भिकून पोरांका नको ता लावलेला आसा. मी त्या खेळाकडे ढुंकूनसुद्धा बघत नाय."

अशी काही वर्षं गेली. मग एका दुपारी दोन्ही भावांचं भांडण झालं. कशावरून झालं हे दोन्ही घरं आजवर वेगवेगळं सांगत आली. थोरल्या बाजूला विचारलं तर परसातल्या फणसावरून. धाकट्या बाजूला विचारलं तर न्हाणीतल्या पाण्यावरून. मी त्या वेळी मशीनमध्येच होते आणि आतून मला दिसत नसलं तरी ऐकू सगळं येतं. पण सीडीची साक्ष कोण काढणार?

त्याच सुमारास खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणात उभा राहिला, त्याच्या टायरांत गवत उगवलं. भिकाजीने पेडण्याला बायकोच्या माहेराजवळ जाऊन टॅक्सी चालवायची ठरवली. म्हणजे वाटणी आली. वाटणी करायला गावातले सगुणभाऊ आले. फार सरळ माणूस. त्यांनी भांडी मोजली, खाटा मोजल्या, कदेलं म्हणजे लाकडी खुर्च्या मोजल्या, आणि प्रत्येक वस्तू इकडे एक, तिकडे एक केली. शेवटी टीव्हीखाली मशीन दिसलं. त्यांनी झाकण उघडलं, आत मी.

"वस्तू दोन, घरां दोन," सगुणभाऊ म्हणाले. "मशीन भिकूक, तबकडी गुरूक. हातात धरूची ती खटकी आसत मां, ती एकेक."

प्रज्योत आणि देवेश दाराशी उभे होते. भाऊ, अहो, हे असं नसतं, एवढं म्हणायला दोघांपैकी कोणालाही सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण दोघांचे बाप तिथेच गप्प बसले होते. पुढे प्रज्योतला वाटत राहिलं की देवेशने मशीन ठेवून जायला हवं होतं. देवेशला वाटत राहिलं की प्रज्योतने सीडी त्याच्या हातात द्यायला हवी होती. त्यावरून तेही बोलेनासे झाले.

आता बिनमशीनच्या सीडीचं घरात काय काम? आधी मी कपाटात होते. मग माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. मग जवळच्या सर्वण गावातल्या मळ्यात वत्सलाने मिरच्या आणि भेंडे लावले, त्यावर पाखरं पडू लागली, तेव्हा तिने मला दोरीत ओवून बांबूला टांगलं. वाऱ्याने मी फिरायचे आणि ऊन परतवायचे. पहिल्या आठवड्यात पाखरं घाबरली. दुसऱ्या आठवड्यात एक कावळा येऊन चोच मारून गेला, आणि तिसऱ्यापासून एक मोर रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहून पिसं नीट करू लागला. उन्हापावसाने अंगावर ओरखडे आले आणि मधल्या भोकापासून एक बारीक तडा निघाला. तरी खोटं कशाला सांगू, मळ्यात मी सुखी होते. तिथे मला कोणी गुण देत नव्हतं.

इकडे प्रज्योत मोठा झाला, डिचोलीत एका पतसंस्थेत लागला. दुपारी डबा खाताना तो मोबाईलवर जुन्या खेळांचे रिव्ह्यू बघायचा. त्यातही चाकांच्या फळीचे जुने खेळ म्हटले की त्याचा घास हातातच राहायचा. हे रिव्ह्यू करणारे सगळे त्याच्याच वयाचे. सुरुवातीला ते बराच वेळ आपल्या लहानपणाबद्दल बोलायचे. शाळा सुटायची, दप्तर फेकायचो, आई ओरडायची, असं.  मग ते कबूल करायचे की चित्रं आता अगदीच भुक्कड वाटतात, नायकाचा चेहरा विटेसारखा आहे, दर तीन उड्यांनंतर खेळ अडकतो. आणि शेवटी दहापैकी साडेनऊ द्यायचे. त्याच खेळाची नवी, चकचकीत आवृत्ती आलेली असली तर तिला सहा.

प्रज्योतला वाटलं, हे तर मलाही जमेल. आणि त्याला मी आठवले.

तो मोटरसायकलवरून सर्वणला आला आणि त्याने मला बांबूवरून उतरवलं.

"आणि पाखरां कोण हाकलतलो? तू?" वत्सलाने विचारलं. त्याने माझ्या जागी स्टीलचं ताट टांगलं. मोराला ते बिलकूल आवडलं नाही, असं मी नंतर ऐकलं.

चॅनेल सुरू झाला. पहिल्याच रिव्ह्यूमध्ये प्रज्योतने मला गालाशी धरलं आणि सांगितलं की गोव्याच्या भूमीत खेळला गेलेला हा सर्वश्रेष्ठ खेळ आहे. गुणांची पद्धत त्याने स्वतः काढली होती. चित्रांना दहा, आवाजाला दहा, खेळायला कसा वाटतो त्याला दहा आणि आठवणींना सत्तर. मला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले. दोन गुण कापले, कारण पूर्ण गुण दिले तर लोक रिव्ह्यू करणाऱ्याला गंभीरपणे घेत नाहीत. त्याने मला कित्येक वर्षांत खेळून पाहिलेलं नव्हतं, ही गोष्ट या हिशेबात कुठेच बसत नव्हती.

"आणि मित्रांनो," तो शेवटी म्हणाला, "त्या पोराची ती तांबडी टोपी! डोळे मिटले की अजून दिसते."

दुसऱ्या दिवशी खाली एक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्याने नाव घेतलं होतं 'पेडण्याचा वाघ'. प्रज्योतने ती मोठ्याने वाचली, म्हणून मलाही कळली. "टोपी निळी होती. रिव्ह्यू करणाऱ्याने हा खेळ झोपेत खेळलेला दिसतो."

हा वाघ कोण हे प्रज्योतने तेव्हाच ओळखलं. पण ओळखलंय असं दाखवायचं नाही, ही त्या घराची रीत. त्याने दुसरा रिव्ह्यू केला. विषय, टोपी तांबडी असल्याचे पुरावे. पुरावा एकच होता, त्याची आठवण, पण ती त्याने चार वेगवेगळ्या कोनांतून सांगितली. उत्तर म्हणून वाघाने पेडण्याहून स्वतःचा चॅनेल काढला. त्यात तो मशीन दाखवायचा. त्याच्या झाकणावरून हात फिरवत म्हणायचा, "मशीन आपल्याकडे. म्हणजे खेळ आपल्याकडे."

अशी दोन माणसं एकाच खेळाचे रिव्ह्यू करू लागली. एकाकडे मशीन नाही, एकाकडे सीडी नाही, आणि दोघांचा आवाज मात्र असा, की आत्ताच खेळून उठलेत.

लोकांना काय, तेवढंच हवं असतं. डिचोलीच्या बाजारात तांबड्या टोपीचा पक्ष झाला आणि पेडण्याच्या बाजारात निळ्या टोपीचा. ज्यांनी तो खेळ जन्मात पाहिला नव्हता तेसुद्धा शपथेवर बोलू लागले. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर भोंपू वाजवून वत्सलाला गव्हाच्या पावाची पोई देताना विचारायचा, "ताई, तांबडी मां?" एका न्हाव्याने अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला निळी म्हणाला म्हणून उठवलं. लोक मला बघायला घरी येऊ लागले. माझ्या चकाकत्या बाजूत त्यांना स्वतःचा चेहरा दिसायचा आणि ते समाधानाने मान हलवायचे. "हां, तांबडीच."

टोपीचा खरा रंग कोणता, असं तुम्ही मला विचाराल. मला नाही ठाऊक. माझ्या पोटात सगळं बारीक बारीक खळग्यांत लिहिलेलं आहे. रंग दिसतो तो पडद्यावर, आणि पडदा मी कधीच पाहिलेला नाही.

मग पणजीहून संजनाचा निरोप आला. ती मोठी रिव्ह्यूवाली, हजारो लोक तिचं ऐकतात. तिने प्रज्योतला लिहिलं, "अशा नावाचा खेळ मला कुठेही सापडला नाही. तो चालताना मला प्रत्यक्ष बघायचाय. तोवर मी एकही गुण देणार नाही." प्रज्योतने धावपळ करून म्हापशाहून तसलंच दुसरं जुनं मशीन आणलं. त्या मशीनने मला आत घेतलं, दोनदा फिरवलं, आणि तोंड वाकडं करून बाहेर काढलं. ओरखडे आणि तडा यांसकट मला वाचण्याचा संयम एकाच मशीनपाशी होता आणि ते पेडण्याला होतं.

याच दिवसांत घरात खरं संकट आलं, आणि त्याचा टोपीशी काही संबंध नव्हता.

दोन्ही घरांचा गणपती एकच. चवथीला भिकाजीचं बिऱ्हाड दरवर्षी डिचोलीला यायचं, कारण भांडण माणसांशी होतं, देवाशी नव्हतं. दोघे भाऊ गणपतीवर फळंपानं टांगलेल्या एकाच माटोळीखाली बसायचे, एकाच पंगतीत जेवायचे आणि एकमेकांशी एक शब्द बोलायचे नाहीत. बोलायचं ते गणपतीमार्फत.

"देवा, तुज्या त्या थोरल्या भक्ताक सांग, निरांजन हयसर सरकव," भिकाजी मूर्तीकडे बघून म्हणायचा.

"देवा, तेका सांग, तेका हात आसत," गुरुदास मूर्तीलाच उत्तर द्यायचा.

गणपती बिचारा दोघांचं ऐकून घ्यायचा.

बायकांचं मात्र कधी बंद पडलं नव्हतं. वत्सला आणि गंगा रोज दुपारी फोनवर बोलायच्या. त्यांना कोणी मनाई केली नव्हती, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. एका दुपारी गंगा म्हणाली, "वयनी, ह्यांच्या मनात काय आसा ता सांगू? पुढल्या वर्षापासून पेडण्याक वेगळो गणपती हाडूचो म्हणतत."

वत्सला मागच्या दाराच्या पायरीवर खाली बसली. शेजारच्या चुलीवर दूध होतं, ते उतू गेलं तरी उठली नाही. गणपती वेगळा झाला की मग काही उरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लग्नकार्यात लोक पाहुण्यांसारखे येतात आणि पाहुण्यांसारखे जातात.

मग ती म्हणाली, "गंगे, यंदा येताना ता मशीन घेवन ये. पोरांका काय सांगू नको. साडयेत गुंडाळ."

मशीन आलं. गंगाच्या साडीत, टॅक्सीच्या डिकीत, नारळांच्या पोत्याखाली. पूजा झाली, आरत्या झाल्या, जेवणं झाली, आणि दुपारी सगळे सुस्तावले असताना संजना दारात हजर. तिला वत्सलानेच फोन करून बोलावलं होतं. गंगाने साडी सोडली. प्रज्योत आणि देवेश एकमेकांकडे न बघता मशीनकडे बघत राहिले.

आता अडचण टीव्हीची. भिंतीवरच्या नव्या टीव्हीला मशीनच्या जुन्या वायरी लावायला जागाच नव्हती. जुना टीव्ही गोठ्याच्या माळ्यावर होता, त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या. तो दोघांशिवाय उचलणार नव्हता. प्रज्योतने एक बाजू धरली, देवेशने दुसरी.

"सांबाळून," प्रज्योत म्हणाला.

"तू सांबाळ," देवेश म्हणाला.

इतक्या वर्षांनी दोघे एकमेकांशी बोलले ते हे.

टीव्ही गणपतीच्या शेजारीच ठेवावा लागला, कारण चालू प्लग तेवढा एकच होता. त्यासाठी माटोळीचे दिवे बंद केले. मशीन उलटं ठेवलं. वत्सलाने कोणी न सांगता आतून विळी आणली आणि वर ठेवली. मी आत होते; बाहेर कोणी काय केलं ते मला नंतर घरच्यांच्या बोलण्यातून कळलं. मशीनने आपला अधू डोळा माझ्यावर रोखला आणि म्हणालं, "किती खराब झालीस गं." मी म्हटलं, "तू फिरव. बाकीचं नंतर."

मी फिरले. बाहेर ते ओळखीचं संगीत वाजलं, एकच चाल, पुन्हा पुन्हा. 

"ह्या काय?" प्रज्योत म्हणाला.

"टोपी करडी कशी?" देवेश म्हणाला. "रस्तो पण करडो. सगळाच करडा!"

संजनाने पुढे होऊन वायरी पाहिल्या आणि समजावलं, "हे मशीन बाहेरच्या देशाचं आहे. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर त्याचा रंग येत नाही, फक्त काळं-पांढरं येतं. तुम्ही लहानपणी ह्याच टीव्हीवर खेळायचात ना? मग रंग तुम्ही कधी पाहिलाच नाहीत."

दोन्ही तालुके ज्याच्यासाठी भांडत होते ती टोपी ना तांबडी ना निळी. प्रज्योतचं तोंड उघडंच राहिलं. देवेश डोळे चोळू लागला.

आणि मागच्या कदेलावरून गुरुदास वैतागून म्हणाला, "पयल्यापासून असाच होता ता. ह्या दोगांचा भांडण ऐकान माका वाटायचा, ह्यांच्या डोळ्यांक काय झालाहा."

वत्सलाने वळून नवऱ्याकडे पाहिलं. "तुमका कसा ठावक? तुमी तर त्या खेळाकडे ढुंकान बघी नव्हतात."

गुरुदास कदेलावरून उठला. गणपतीपुढची समई सारखी करू लागला.

इकडे प्रज्योत आणि देवेश आपापली खटकी घेऊन खेळायला बसले. दोघे रिव्ह्यू करण्यात पटाईत होते, खेळणं विसरले होते. फळीवरचा मुलगा पायऱ्यांवर आपटला, खांबावर आपटला, कारण नसताना सपाट रस्त्यावर आपटला. संजना मोबाईलमध्ये काही टिपत होती. भिकाजीला ते बघवेना. तो मूर्तीकडे वळला.

"देवा, त्या पोराक सांग, उडी आधी मार. कठडो येवच्या आधी!"

"देवा," गुरुदास ताडकन म्हणाला, "तेका सांग, आधी उडी मारल्यार पोर गटारात पडता. भिकाजीचो पोर कायम गटारातच पडायचो."

"देवा, तेका सांग, तुजो खांबार आपटायचो!"

मग कोणी कोणाच्या हातातून काय घेतलं ते मला दिसलं नाही. पण त्यानंतर माझ्यावर जे अंगठे चालू लागले ते मी चांगलेच ओळखत होते. पोरं शाळेत गेली की, गुरुदासची रजा आणि भिकाजीची सुटी एकत्र आली की, ह्याच अंगठ्यांनी मला दुपारभर पळवलं होतं. फणस आणि पाणी ह्या दोन्ही थापा होत्या. त्या दुपारी गुरुदास धाकट्याचे गुण ओलांडण्याच्या बेतात होता आणि भिकाजीने मधेच मशीन सुलटं करून झाकण उघडलं. गुरुदास म्हणाला, हरत होतास म्हणून उघडलंस. भिकाजी म्हणाला, सीडी तापली होती म्हणून उघडलं. मला विचाराल तर दोन्ही खरं होतं. पण सरकारी नोकरीतला माणूस आणि दहा चाकांचा ट्रक चालवणारा माणूस, आपण कशावरून भांडलो हे बाहेर कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या चवथीच्या दुपारी फळीवरचा मुलगा पुन्हा उडू लागला. कठड्यावरून सरकला, हवेत गिरकी घेतली, उतरला, पुन्हा उडाला. मागे पोरं ओरडत होती, गंगा टाळ्या वाजवत होती. गुरुदासचे गुण वाढत गेले. आणि मी तापू लागले. तडा होता ना. एका बाजूने कडेपर्यंत सरकत चालला होता. बाहेर वास गेला असावा.

भिकाजीचा हात मशीनपाशी आला. मला त्याची सावली कळली. हात तिथेच थांबला.

"दादा," तो म्हणाला. देवाला नाही, दादाला. "सीडी तापली. उघडू?"

संगीत एकदा संपून पुन्हा सुरू झालं. दादा आणखी एका उडीवर जिंकणार होता.

"उघड," गुरुदास म्हणाला आणि त्याने खटकी खाली ठेवली. मग लगेच, "पण माजे गुण धरूचे हां!" विळी उतरली, मशीन सुलटं झालं.

झाकण उघडलं. भिकाजीने मला दोन बोटांनी अलगद उचललं आणि गुरुदासने शर्टाच्या इस्त्री केलेल्या टोकाने पुसलं. त्यानंतर मी पुन्हा कधी चालले नाही. तडा कडेला पोचला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जनाला निघताना भिकाजी मूर्तीच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "पुढल्या वर्षी हयच ये. पेडण्याक येवच्या भरीक पडू नको, वाट चुकशीत." वत्सलाने पदराने तोंड झाकलं. गंगा आधीच रडत होती.

चार दिवसांनी संजनाचा रिव्ह्यू आला. देवेश मुद्दाम पेडण्याहून आला होता, त्याने आणि प्रज्योतने तो सगळ्यांना वाचून दाखवला. तिने लिहिलं होतं की मुलाचे पाय फळीला टेकतच नाहीत. संगीत एकच आहे आणि तेही अर्धवट. कठडा आला की कॅमेरा भिंतीत शिरतो. दुसरं शहर म्हणजे पहिलंच शहर डावं-उजवं करून दाखवलंय. दहापैकी दोन. आणि त्यातला एक गुण वत्सलाताईंच्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा.

सगळं खरं होतं. माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कोणीही बोललं नव्हतं. मला तर बरं वाटलं.

पण घरात गहजब झाला. "ह्या बायेक काय कळता?" गुरुदास कडाडला. "बरोबर बोललास, दादा," भिकाजी म्हणाला. तांबडा पक्ष आणि निळा पक्ष एका रात्रीत एक झाले. प्रज्योत आणि देवेश यांचा आता एकच चॅनेल आहे आणि त्यावर ते संजनाच्या रिव्ह्यूचा रिव्ह्यू करतात. तिला ते दहापैकी एक देतात.

मशीन पेडण्याला परत गेलेलं नाही. थंड होऊ दे, मग नेतो, असं भिकाजी म्हणाला होता. ते अजून थंड होतंय. मी त्याच्याच वर, विळीच्या जागी, पाठीवर पडून असते. रोज संध्याकाळी गुरुदासचा फोन वाजतो. पलीकडून भिकाजी विचारतो, "दादा, ता कॅमेरो भिंतीत जाता म्हणता, तेका काय उत्तर देवचा?" मग दोघे तासभर उत्तराचा मसुदा करतात. गुरुदासला कचेरीची भाषा हवी असते, भिकाजीला शिवी हवी असते. मसुदा काही पुरा होत नाही. मधेच एकजण विचारतो, जेवलास काय? दुसरा सांगतो, पाठ दुखता. आणि पुन्हा कॅमेऱ्यावर येतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. संजनाचा तो रिव्ह्यू तुमच्या नजरेस पडलाच, तर तो खरा आहे असं खाली लिहू नका. खोटा आहे असंही लिहू नका. वाचा आणि पुढे जा. त्या दोघांचं उत्तर लिहून व्हायचंय अजून.